पिवळी काढली, आवाज राहिला

“वहिनी, आत्ताच सांगून राह्यलो, नंतर म्हणाल संपतनं सांगितलं न्हाई! ह्या तीन वायरींच्या नादी लागू नका. ही एकच घ्या. लावली की सगळं चालू, काढली की सगळं बंद. झंझटच न्हाई!”

संपत म्हणजे जालन्यातला आमचा टीव्हीवाला. २००८ च्या दसऱ्याला आम्ही चपटा टीव्ही घेतला, तेव्हा त्यानं मला हे बजावलं होतं. आणि मी काय केलं? हसले! बी.एस्सी. झालेली बाई दुकानदाराला हसते ना, अगदी तशी हसले.

त्याच्या हातात एक काळी जाडजूड वायर होती. दोन्ही टोकांना बेडकासारखं चपटं तोंड. नाव काय, तर एचडीएमआय! मला वाटलं, आमच्या एमआयडीसीत नवीन कंपनी उघडली.

“ह्यातून काय जातं?” मी विचारलं.

“चित्र.”

“आणि आवाज?”

“तो बी ह्यातूनच.”

“दोन्ही एकातूनच? आणि वायर बिघडली तर?”

“मंग दोन्ही जाईल.”

“बघा! माझ्या लाल-पांढऱ्या-पिवळीतली पिवळी गेली तर निदान आवाज तरी राहतो!”

संपत वायर परत गुंडाळायला लागला. मला वाटलं, निरुत्तर झाला.

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? माझ्या लहानपणी अँटेनाची चपटी वायर होती. वर कावळा बसला की खाली बातम्या देणारी बाई थरथरायची. मग केबलवाल्याची गोल वायर आली. मग लाल-पांढरी-पिवळी. मग कुणीतरी हिरवी-निळी काढली. ती कशाला लावायची हे कळायच्या आत जुनी झाली! दर वेळी दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो, ‘ह्याच्यापुढं आता काही निघणार न्हाई.’ आणि दर दिवाळीला टीव्हीच्या पाठीवर नवीन आकाराचं भोक पडतं! पाठ आहे की वारूळ? साडीची फॅशन गेली तर जुन्या साडीची गोधडी तरी होते. जुन्या वायरींचं काय करायचं? पापड वाळत घालायचे त्यावर?

“नको,” मी म्हणाले. “आमच्या तीन वायरी बऱ्या.”

आणि त्या तीन वायरींनी माझ्या नणंदेचं लग्न जवळजवळ मोडलं होतं! सांगते.

त्याआधी माझ्याबद्दल थोडं. मी काळजी करते. लोक श्वास घेतात ना, तशी करते. आमची मीनू तेव्हा आठ महिन्यांची. ती रडली की मला वाटायचं, काय होतंय? नाही रडली की वाटायचं, काय झालं? झोपली की सारखी जाऊन मी तिच्या नाकाखाली बोट धरायची. ती दचकून उठायची, भोकाड पसरायची, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. चला, श्वास चालू आहे!

पण स्वयंपाक करताना बोट कसं धरणार? त्यावर मी एक नामी युक्ती काढली. मीनूच्या बारशाला गिरिधरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. तो मी आतल्या खोलीत कपाटावर, दोन खोक्यांच्या मधोमध बसवला, तोंड पाळण्याकडे. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी एकीला एक जोडल्या, दाराच्या चौकटीवरून चिकटपट्टीनं नेल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला खोचल्या. झालं! टीव्हीवर मीनू! आवाज पूर्ण मोठा केला की तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. सूं… सूं… जणू पिठाची गिरणीच!

“आपल्याकडं चोवीस तास एकच मालिका,” गिरिधर म्हणाला. “आणि नायिका झोपलेली!”

पण सासूबाईंना ती मालिका फार आवडली. भाजी निवडता निवडता त्या समालोचन करायच्या, “बघ बघ, कूस बदलली! आता अंगठा तोंडात घालून राह्यली. मी म्हणलं न्हवतं?” त्यांच्या नेहमीच्या मालिका मागं पडल्या.

असे आमचे दिवस मजेत चालले होते. मग मार्च महिन्यात एका रविवारी उमाला बघायला परतूरची मंडळी येणार असं ठरलं.

उमा माझी नणंद. एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करायची. कोणतं बी उगवेल आणि कोणतं नाही हे ती हातात घेऊन सांगायची; फक्त तिचं स्वतःचं लग्न तेवढं उगवत नव्हतं! आधी तीन स्थळं येऊन गेली होती. तिघांनाही मुलगी पसंत होती, तिची नोकरी पसंत नव्हती. आणि उमा म्हणायची, “नोकरी सोडणार न्हाई म्हणजे न्हाई.”

पण हे चौथं स्थळ वेगळं होतं. मुलगा हेरंब, परतूरच्या कॉलेजात प्राध्यापक. त्याला उमानं एका लग्नाच्या पंगतीत वाढताना पाहिलं होतं.

“वहिनी, त्यानं मला जिलबी विचारली. मी नको म्हणलं. तर तो खरंच पुढं गेला!”

“बरं मग?”

“मंग काय! आग्रह न करणारा माणूस मराठवाड्यात कुठं मिळतो?”

असं म्हणून तिनं इस्त्री केलेल्या साडीला परत इस्त्री केली. मी ओळखलं. माझा हात धरून ती म्हणाली, “वहिनी, ह्या वेळी काही गोंधळ नको हां.”

“बिलकुल नाही!” मी छातीठोकपणे म्हणाले.

रविवारी सकाळी गिरिधरनं फर्मान काढलं, “पाहुण्यांसमोर तो पाळणा नको. टीव्ही बंद कर.”

आता बघा, घरात पाहुणे, मी कामात, मीनू आत एकटी आणि टीव्ही बंद? पण माझ्या तीन वायरी कशाला होत्या! मी टीव्हीच्या मागून पिवळी हळूच उपटली. चित्र गेलं. लाल आणि पांढरी तशीच ठेवली. वरून क्रोशाचा रुमाल टाकला. दिसायला टीव्ही बंद. पण मीनूनं नुसतं ‘अं’ केलं तरी मला कळणार! मग रिमोट नेऊन आतल्या कपाटावर ठेवला, कारण हाती लागेल ते मीनूच्या तोंडात जातं.

“बंद केलास का?” गिरिधरनं विचारलं.

“चित्र गेलं,” मी म्हणाले. खोटं होतं का? नव्हतं!

पाहुणे आले. हेरंब, त्याच्या आई कुमुदताई आणि मार्तंडमामा. हेरंबला वडील नव्हते, त्यामुळे सगळा निकाल मामांच्या हाती. मामांनी बसल्या बसल्या भिंतीचे पोपडे मोजले, पंख्याचा वेग पाहिला आणि कान टवकारले.

“हा सूं सूं आवाज कशाचा येऊन राह्यला?”

“फ्रीज,” मी म्हणाले. “जुना आहे.”

मामांनी मान डोलावली. तेवढ्यात फ्रीज शिंकला!

मामांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. “फ्रीज… शिंकला काय?”

“त्यातला गॅस कमी झालाय.”

“मीनूला सर्दी झाली वाटतं,” सासूबाई कळवळून म्हणाल्या.

“आई, चहा!” मी ओरडले. गिरिधरनं रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत रुमालाकडे पाहिलं. त्याचा चेहरा न शिजलेल्या भातासारखा झाला.

मग उमा आली. मी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, त्याच्या बशा दिल्या. शिक्षण, वय, उंची सगळं विचारून झालं. उमानं खाली न बघता सांगितलं, “लग्नानंतर मी नोकरी चालू ठेवणार आहे. परतूरहून रोज गाडीनं येणं-जाणं करीन.”

हेरंब काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात कुमुदताई गोड हसल्या. “बघू की. सगळं बराबर होतं.”

मामांनी बशी खाली ठेवली. “आम्ही जरा आत बसून बोलतो.”

ही तर पद्धतच! मुलाकडच्यांना दोन शब्द आपसात बोलायला आतली खोली द्यायची. मुलगा बाहेर बसून पंख्याकडे बघतो. प्रत्येक घरात असंच चालतं. पण प्रत्येक घरात आतली खोली टीव्हीला जोडलेली नसते!

“आत कशाला?” गिरिधर ताडकन उठला. “गच्चीवर बसा ना! मोकळी हवा आहे!”

“ह्या उन्हात? आम्हाला वाळवून बरणीत भरता काय?” असं म्हणत मामा आत गेलेसुद्धा. पाठोपाठ कुमुदताई. दार लागलं.

पहिल्यांदा पलंग करकरला. बाहेर असा आवाज झाला, की उसाचा ट्रक उलटला! मग रुमालाखालून कुमुदताईंची कुजबुज गडगडली, “हळू बोला दादा, लेकरू झोपलंय!”

हेरंब खुर्चीतून अर्धा उडाला. सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. आणि मामांचा आवाज आला, “सुशीला लई खारट होता.”

आवाज बंद करायला हवा होता. पण कसा? रिमोट आत. टीव्हीचं बटण कुठंय हे घेतल्यापासून मला माहीत नाही. भिंतीवरचा बटणांचा बोर्ड बरोबर हेरंबच्या खुर्चीमागे! ‘जरा सरकता का, तुमच्या मामांना बंद करायचंय’ असं कसं म्हणणार? आयुष्यात पहिल्यांदा मी लाईट जावी म्हणून देवाला हात जोडले. रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता जाणारी आमची लाईट त्या दिवशी जागची हलली नाही!

“पोरगी चांगली हाय,” मामा बोलत होते. “पण ती भावजय थोडी चक्रम दिसती. फ्रीज शिंकला तर म्हणे गॅस कमी झाला!”

गिरिधर खोकला. मला अजून शंका आहे, तो खोकला नव्हता.

मग कुमुदताई म्हणाल्या, “मुलगी मला पसंत हाय. त्या नोकरीचं काय मनावर घेऊ नका. आत्ता हो म्हणायचं. सहा महिने गेले की आपोआप सुटती. माझ्या जावेच्या सुनेची सुटली न्हाई का?”

मघापासून तोंड दाबून हसणारी उमा एकदम थांबली. तिच्या हातात रिकामा ट्रे होता. तो तिनं जराही आवाज न करता खाली ठेवला. हेरंबचे कान मिरचीसारखे लाल झाले होते. तो उमाकडे बघत नव्हता, उमा त्याच्याकडे बघत नव्हती.

मी टीव्हीमागे धावले. मागे हात घातला, तर एक वायर लोंबकळताना लागली. घाईत मला वाटलं, ही निसटली! सवयीनं खोचली. ती पिवळी होती. रुमालाच्या जाळीतून उजेड आला आणि क्रोशाच्या फुलाफुलांतून मार्तंडमामा दिसू लागले. पलंगावर आडवे होऊन पोट खाजवत होते!

“अगं, काढ!” गिरिधर ओरडला, म्हणजे ओठांनीच.

मी एक ओढली. लाल निघाली. आवाज थोडा उतरला. उजवीकडचे मामा गेले, डावीकडचे बोलतच राहिले! आता फक्त पांढरी. मी ती धरली. तेवढ्यात माझ्या मनगटावर कुणाचा तरी हात पडला.

उमा होती.

“राहू दे वहिनी,” ती म्हणाली. “मला ऐकायचंय.”

आणि तेव्हाच हेरंब उठला. काही न बोलता आतल्या खोलीचं दार लोटून आत गेला. आता तो क्रोशाच्या फुलांत आला. एका फुलात नाक, दुसऱ्यात बुशशर्ट. मला सांगा, बाहेर प्रत्येक शब्द ऐकू येतो हे ह्या जगात त्या घटकेला आम्हा चौघांशिवाय फक्त त्यालाच माहीत होतं! तो आत जाऊन टीव्ही बंद करायला सांगू शकला असता. कुजबुजू शकला असता. पण तो चांगला वर्गात शिकवतात तसा, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा बोलला.

“आई, मी तासिका तत्त्वावर शिकवतो. तास घेतला तर पगार, न्हाई तर न्हाई. अजून कायम झालो न्हाई. हे तुम्ही त्यांना सांगितलंय का?”

“अरे, हळू बोल! बाहेर ऐकू जाईल!” कुमुदताई आमच्या बाहेरच्या खोलीत गरजल्या.

“जाऊ दे. तिची नोकरी पक्की हाय, माझी कच्ची. मंग सोडायची झाली तर कुणी सोडायची? मी बाहेर जाऊन खरं ते सांगणार. मंग त्यांनी न्हाई म्हणलं तर न्हाई.”

आता बाहेर आमच्याकडेच पेच! गिरिधरच्या कपाळावर आठ्या पडल्या. “प्राध्यापक म्हणाले होते,” तो पुटपुटला. “कायम आहेत, असंच सांगितलं होतं. हे बघ उमा, घाई नको. विचार करावा लागेल.”

“मी केला,” उमा म्हणाली.

“कधी?”

“आत्ता. दादा, आधीचे तिघं कायम होते. त्यातलं कुणी असं उठून आत गेलं होतं का?”

तिकडं आत मामा पलंगावर उठून बसले होते. “थांब थांब. तुझे तास उद्या बंद पडले, तर घर कुणाच्या जिवावर चालायचं? ह्या पोरीच्याच ना? आणि तिची नोकरी आपणच सोडवायची? कुमुद, आता तू काही बोलू नको. चल बाहेर!”

दार उघडलं. आम्ही चौघं अशा चपळाईनं जागेवर बसलो, की फोटो काढायला फोटोवालाच यायचा बाकी होता. हेरंबनं उभ्या उभ्या पुन्हा सगळं सांगितलं, आणि आम्हाला सगळ्यांना ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करावं लागलं.

“अस्सं?” गिरिधर म्हणाला. “आम्हाला कल्पनाच नव्हती!” नवऱ्याचा अभिनय इतका वाईट आहे हे मला त्या दिवशी कळलं.

“तरी उमाला पसंत असेल, तर आमची हरकत न्हाई,” तो पुढं म्हणाला.

“पसंत आहे,” उमा म्हणाली.

“मंग झालं तर!” मामा आमच्या मागून म्हणाले. कुमुदताई हसल्या. झालं! जमलं! मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तेवढ्यात सासूबाईंनी अत्यंत कळकळीनं विचारलं, “पण सुशीला खरंच का हो इतका खारट झाला होता?”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” मागून मामांचा आवाज आला. आणि तेव्हाच तो रुमाल घसरला.

पडद्यावर आतली खोली. पलंग. खोकी. आणि पाळणा. रिकामा!

“मीनू!” मी किंचाळले. माझ्या मुलीवर नजर ठेवायला मी घरभर वायरी फिरवल्या होत्या, आणि गेला अर्धा तास पाळणा सोडून बाकी सगळं बघत होते! मी मामांकडे न बघताच त्यांना ओलांडून आत पळाले. पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, खोकी उचकली. बाहेर येऊन रडणार, तोच मामा म्हणाले, “अहो बाई, ही काय!”

मीनू त्यांच्या खांद्यावर होती. त्यांच्या चष्म्याची दोरी चघळत होती. येताना ती जागी झालेली बघून त्यांनी उचलून आणली होती, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून आम्ही सगळे अभिनय करत होतो!

मी तिला ओढून घेतली, नाकाखाली बोट धरलं. मामा हे सगळं शांतपणे बघत होते. मग त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. “म्हणजे आम्ही इथं दिसून राह्यलो होतो?”

“छे छे!” गिरिधर घाईघाईनं म्हणाला. “दिसलात फक्त शेवटी. आधी नुसते ऐकू येत होतात!”

मामा खुर्चीत बसले. चष्म्याची ओली दोरी पुसत म्हणाले, “मी कुणाबद्दल काही बोललो काय?”

“चक्रम,” सासूबाईंनी आठवण करून दिली.

पहिली हसली ती उमा. मग हेरंब. मग मामांचं पोट हलायला लागलं, आणि मग कुणालाच आवरेना. कुमुदताई तेवढ्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. जरा वेळानं त्या उमाजवळ सरकल्या. “पोरी, मी ते सहा महिन्यांचं बोलले…”

“ऐकलं, काकू.”

“मंग कर बाई नोकरी. एवढ्या लोकांनी ऐकल्यावर आता मला फिरता तरी येतं का!”

लग्न मे महिन्यात झालं. मी मात्र त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी संपतच्या दुकानात गेले होते. मान खाली घालून म्हणाले, “ती एकवाली वायर द्या.” त्यानं विजयी मुद्रेनं काढली. मी कॅमेरा पुढं केला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, झाकणं उघडून बघितली. “वहिनी, तुमच्या कॅमेऱ्याला हे भोकच न्हाई!”

“मग दसऱ्याला कशाला गळ्यात मारत होता?”

“मंग नवा कॅमेरा घ्या ना! आता आलाय त्याच्यापुढं काही निघणारच न्हाई!” असं म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला.

मी तशीच घरी आले.

उमा आता परतूरला असते. सकाळच्या गाडीनं जालन्याला येते, संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. घरी सगळं छान चाललंय म्हणते. कुमुदताई तिचा डबा भरतात म्हणे. पण गाडी कधी उशिरा येते, कधी स्टेशनावर अंधार असतो, आणि पोचल्यावर फोन कर म्हणलं की ही विसरते! मी लावला तर म्हणते, “वहिनी, मी अजून जालन्यातच आहे, गाडी सुटायचीय.”

आज तर फोनच उचलत नाहीये. तुमच्यापैकी कुणी परतूरचं असेल, तर संध्याकाळी गाडीच्या वेळेला जरा स्टेशनावर चक्कर मारता का? उंच आहे, चष्मा आहे, खांद्याला निळी पिशवी आहे, आणि बाहेर एक जण मोटारसायकल घेऊन तिची वाट बघत उभा असेल. उतरली का, तेवढं फक्त बघा आणि मला कळवा.

आणि हो, मी विचारलं हे तिला सांगू नका.